भाऊजींच्या मुशीतली घट

"तापवलं की थोडी घट येतेच," हे वाक्य माझ्या धाकट्या दिरांनी जन्मभरात किती वेळा म्हटलं असेल ते देवच जाणे. ते सोनार. सासऱ्यांची शेगडी नि फुंकणी आमच्या ह्यांनी कधी हातात धरली नाही. हे कारकुनी करायला गेले, म्हणून ती गादी धाकट्याकडे आली. गादी कसली, जिन्याखालचं दुकान. एका अंगाला शिंपी, दुसऱ्या अंगाला किल्ल्या करणारा, नि मधे आमचे भाऊजी पाय दुमडून बसलेले. उठायचं झालं तर आधी डोकं सांभाळायचं, मग पाय.

कुणी बाई जुनी बांगडी मोडायला आणायची. आणली तेव्हा काट्यावर एक वजन, मुशीतून ओतल्यावर दुसरं. मूस म्हणजे धातू वितळवायची लहानशी वाटी. बांगडीच्या सांध्याला हलक्या धातूचा डाग दिलेला असतो, पोकळीत लाख भरलेली असते, वर्षांचा मळ असतो. ते सगळं जळून जातं नि सोनं आपलं होतं तेवढंच राहतं. पण हे पटवायचं कुणी? बाई एकदा काट्याकडे बघायची, एकदा भाऊजींच्या तोंडाकडे. बोलायची नाही काही.

"वहिनी, शिवी परवडली," भाऊजी मला म्हणायचे. "शिवीला उत्तर देता येतं. त्या बघण्याला काय उत्तर देऊ?"

माणूस अगदी सरळ. इतका सरळ की कधी कधी राग यावा. आमच्या घरचं कानातलं मोडकं फूल दुरुस्त करून दिलं तरी कानसेनं निघालेला कण कागदात बांधून परत आणायचे. मी म्हणायची, "अहो, हा कण मी ठेवू कुठं? शिंकले तर उडेल." ते म्हणायचे, "उडू दे, पण तुमच्या घरात उडू दे."

पुढे काचेची मोठी दुकानं आली, तयार दागिने आले. मोडून घडवायला कुणी येईना. जिन्याखाली माशा मारत बसायची पाळी आली, तसं भाऊजींनी दुकान बंद केलं. घरी बसले आणि माझ्या जाऊबाईच्या स्वयंपाकघरात लक्ष घालू लागले. जाऊबाई माझी मिरीएवढी, तिखटही तेवढीच. गॅसची आच मोठी आहे, झाकण तिरकं आहे, सांडशी सैल आहे, हे दिवसभर ऐकल्यावर ती एक दिवस सांडशी घेऊन माझ्याकडे आली. "ताई, ह्यांना कुठंतरी चिकटवा. नाहीतर मी माहेरी जाते. माहेरी कुणी उरलेलं नाही, तरी जाते."

चिकटले ते कॉलेजात. माझी नात तिथं पहिल्या वर्षाला होती. तिनंच सांगितलं की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मदतनीस सेवानिवृत्त झाला, माणूस हवाय. विभागाचे मुख्य सर, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी भाऊजींना भेटायला बोलावलं नि विचारलं, "मूस काय असते माहीत आहे का?"

भाऊजी घरी येऊन म्हणाले, "वहिनी, माशाला विचारलं, पाणी बघितलंय का!"

कॉलेज खाजगी, वयाची अट नव्हती. सत्र संपेपर्यंत काम बघू, मग कायम करू, असं ठरलं. जाऊबाईनं मात्र त्याच संध्याकाळी सगळ्या इमारतीत सांगून टाकलं की ह्यांची कायमची नोकरी लागली. म्हणजे आता ती कायम होणं भाग होतं.

सुरुवातीचे दिवस भाऊजींचे फार छान गेले. लांबच लांब काळ्या फरशीची टेबलं, प्रत्येकावर नळ नि गॅसची तोटी, भिंतीला बाटल्यांची कपाटं. काट्याचं तर त्यांना भारी कौतुक. काटा काचेच्या पेटीत, पेटीला सरकती दारं. "वारा लागू नये म्हणून काट्याला घर बांधलंय! आमच्या काट्यापुढं लोक बिडी ओढायचे." पोरांनी त्यांचं नाव तोळेकाका ठेवलं. ते त्यांना आवडलं होतं, असं मला वाटतं, कारण तक्रारीच्या सुरात ते त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितलं.

मग मुशी आल्या. कॉलेजनं नव्या चिनीमातीच्या मुशींचं खोकं मागवलं होतं. पांढऱ्याशुभ्र, कपाची बाळं वाटावीत अशा, वर टोपणासारखं झाकण. पोरांनी त्यात मॅग्नेशियम नावाच्या धातूची फीत गुंडाळून ठेवायची, खालून जाळ लावायचा, चिमट्यानं झाकण मधूनमधून जरासं उचलून आत हवा जाऊ द्यायची नि परत झाकायचं. सगळं झाकण काढलं तर पांढरा धूर उडून जातो, मुळीच नाही उचललं तर धातू कच्चा राहतो. फीत जळून पांढरी राख होते. मूस निवली की वजन करायचं. हे मला नातीनं जेवताना हातवारे करून समजावलं.

"आणि वजन किती कमी होतं?" भाऊजींनी विचारलं. ते नि जाऊबाई त्या दिवशी आमच्याकडेच होते.

"कमी नाही हो आजोबा, वाढतं."

"जळल्यावर?"

"जळल्यावर. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो ना."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकानं कधी मूस धरलीय?" म्हणून भाऊजींनी वाटीतलं दही भातावर ओतलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे तो प्रयोग घेणाऱ्या बाई, वयानं लहान, कायम घाईत, केसांत खडू. त्यांनीही तेच सांगितलं. त्या संध्याकाळी भाऊजी माझ्या दारात उभे राहिले, चपला न काढता. "वहिनी, खरं आहे म्हणे ते. एक धंदा असा आहे जिथं तापवलं की वाढतं. आणि मला तो साठीत सापडला!"

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकते, शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात काही शहाणपण नाही. सोनार नवी मूस कोरडी वापरत नाही. टाकणखार नावाचा पांढरा खार पाण्यात उगाळून मुशीला आतून हात देतात. जाळावर तो खार आधी फुलतो, मग वितळून काचेसारखा बसतो, म्हणजे धातू मुशीला चिकटत नाही आणि मूसही टिकते. भाऊजींच्या हाताला ती सवय बापापासूनची. कॉलेजातल्या त्या नाजूक मुशी बघून त्यांचा जीव कळवळला. कोरड्या मुशीत धातू ठेवायचा म्हणजे तेल न लावता तव्यावर अंडं फोडायचं, असं त्यांनी मला सांगितलंही. मग घरून टाकणखाराचा डबा नेला. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मुशींना कुंचल्यानं आतून हात द्यायचा, खिडकीत वाळत ठेवायच्या, नि वर्ग भरायच्या आत टेबलावर मांडायच्या. दुकानात ते मूस जाळावर भाजूनही घेत. इथं गॅस कॉलेजचा, आपण उगाच का जाळा, म्हणून नुसत्या वाळवायच्या. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार? त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. पाणी पिण्याआधी आपण पेला विसळतो, ते काय कुणाला सांगत बसतो?

पण त्या खारात पाणी धरलेलं असतं. ते जाळावर उडून जातं आणि खार हलका होतो. म्हणजे फितीनं हवेतून घ्यावं आणि खारानं हवेत सोडावं, असा तो प्रकार चालला होता. तेव्हा हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या तासाला पोरांनी फिती जाळल्या, मुशी निवल्या, वजनं झाली. एका टेबलावर थोडं वाढलेलं, दुसऱ्यावर होतं तेवढंच, बाकी सगळीकडे कमी. मॅडम म्हणाल्या, तुम्ही झाकणं जास्त उघडलीत, धूर उडाला. पुन्हा करा.

पुढच्या वेळी झाकणं जेमतेम उचलली. वजन कमीच. मॅडम म्हणाल्या, फितीवर पुट चढलंय, पॉलिश कागदानं घासा. पोरांनी फिती घासल्या, मॅडमनी स्वतः घासल्या, नखं काळी झाली. वजन कमीच. मग म्हणाल्या काटा बिघडलाय. काट्याचा माणूस आला, त्यानं पेटी उघडली, फुंकर मारली, काटा उत्तम आहे म्हणून गेला. आणि त्यात झाकणं मुशीला चिकटायला लागली. एका पोरीनं झाकण ओढलं तर मूसच हातात फुटली. मॅडम तिला ओरडल्या, ती रडली, मग मॅडमनाच वाईट वाटलं, आणि तासाची घंटा झाली.

भाऊजी घरी येऊन सगळं सांगायचे नि वर म्हणायचे, "माझ्या परीनं मी जपतोय हो. काल तर मी दोन हात दिले मुशीला."

बघा आता. जितकं मन लावून करावं तितकं बिघडत होतं. स्वयंपाकात असं झालं की निदान मीठ जास्त पडल्याचं जिभेला कळतं. इथं कोण चाखून बघणार?

परीक्षा जवळ येत होती. मोठे सर मॅडमना बोलले, मॅडम वर्गाला बोलल्या. वर्गानं कुणाला बोलायचं? एक दिवस मागच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, वजन कमी येणारच. मुशीपाशी सोनार बसवलाय!"

सगळा वर्ग हसला. नात मला म्हणाली, "आजी, मी नाही हसले. पण मी काही बोललेही नाही." भाऊजी तेव्हा टेबल पुसत होते. ते तीच जागा परत परत पुसत राहिले, असं तिनं सांगितलं. मॅडम त्या मुलाला रागावल्या, बाहेर काढलं. पण तोंडातून गेलेलं आत येतंय होय?

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी भाऊजींना खोलीत बोलावलं. आधी तब्येत विचारली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "ती मॅग्नेशियमची फीत कपाटात असते ना? किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"हं," सर म्हणाले. "काही दिवस माझ्याकडे राहू दे."

भाऊजींनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. घरी आले ते सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दिवेलागणीही झाली नव्हती. जाऊबाईनं मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा ती त्यांच्या पाठीशी बोलत होती.

"त्या फितीचं चोरून करायचं काय पण? अंगठी होते का तिची?"

"नाही होत," भिंतीकडून आवाज आला. "काडी लागली तर भडकेल."

"नथ?"

"जळून जाईल नाक."

"मग? ज्याचं काही होत नाही ते कोण चोरेल? अडाणी आहेत का ते लोक? एवढं शिकलेत!"

"मी उद्यापासून जात नाही," भाऊजी म्हणाले.

जाऊबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा! म्हणजे चोरी पचली नाही म्हणून पळाला, असं म्हणू दे त्यांना. इमारतीत मी काय सांगू? आणि जिन्याखाली कुणी म्हणालं नाही ते म्हातारपणी लावून घ्या कपाळाला."

मी म्हटलं, "भाऊजी, ती बोलते तिखट, पण खोटं नाही बोलत. आता सोडलंत तर नोकरी जाईल ती जाईल, नावही जाईल. नोकरी गेली तर जेवाल. नाव गेलं तर तुम्हाला घास उतरणार नाही, मी ओळखते तुम्हाला."

त्यांनी कूस बदलली. डोळे लाल होते. "वहिनी, जन्मभर घट समजावली लोकांना. इथं वाढायला पाहिजे म्हणतात आणि इथंही घटच! माझ्या हातालाच शाप आहे का हो?"

मी चहा टाकायला गेले. साखर सापडेना. जाऊबाई आतून ओरडली, "डाव्या फळीवर! अहो ताई, डाव्या!" त्या घरात त्या दिवशी कुणालाच काही धड सापडत नव्हतं.

ते कामावर जात राहिले. कपाटाची किल्ली नाही, तरी मुशी उघड्या फळीवर असत. त्यांना सकाळचा हात देणं चालूच. आता तर आणखी जाड. आपल्याकडून कसूर नको!

पुढचं मला नातीनं सांगितलं, मग भाऊजींनीही सांगितलं, आणि दोघांचं जुळलं म्हणून लिहिते.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या तासाला मोठे सर स्वतः प्रयोगशाळेत आले. मॅडमची झोप उडालेली त्यांच्या तोंडावर दिसत होती. सर म्हणाले, "आज कुणी हात लावू नका, मी करतो." फळीवरची एक मूस त्यांनी झाकणासकट काट्यात ठेवली, वजन फळ्यावर लिहिलं. मॅडमनी फीत पुढे केली.

"थांबा," सर म्हणाले. "आधी रिकामी मूस तापवून घ्या. रोज घेत होतात ना?"

मॅडम म्हणाल्या, "नाही, सर. तास पुरत नाही. नव्या मुशी आहेत, कोरड्याच असणार, म्हणून..."

सरांनी गॅसची तोटी उघडली. रिकामी मूस जाळावर चढली. तिपाईखाली निळा जाळ, वर मूस लालसर. सगळा वर्ग रिकाम्या मुशीकडे बघत उभा. आत काहीच नाही, आणि वजन कशाचं बघायचं, म्हणून पोरं कुजबुजत होती. मूस निवायला ठेवली. पुन्हा काट्यात गेली. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"घटली," ते म्हणाले. "रिकामी मूस घटली!"

मग एकदम गलका झाला. सर म्हणाले, "म्हणजे मालच खराब आहे. ह्या मुशी सगळ्या परत पाठवा. तो विक्रेता मला भेटू दे, त्याला चांगला झापतो. काय माती वापरतो कुणास ठाऊक." आणि भाऊजींकडे वळून थोड्या नरम आवाजात म्हणाले, "काका, तुमच्यावर उगाच बालंट आलं. किल्ली घेऊन जा माझ्याकडून."

ज्यानं ती चेष्टा केली होती त्या मुलानं टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. नात म्हणते, मला वाटलं आजोबा रडतील. पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते झाकण काढून मुशीत वाकून बघत होते. तळाला काच धरली होती, ओलं बोट फिरवल्यासारखी चकचकीत. तो खार काय होतो हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. फुलतो, पाणी सोडतो, मग बसतो. जन्मभर बघितलेली गोष्ट. फक्त तो खार कधी कुणी तोलला नव्हता. सोनं तोलायचं, खार कोण तोलतो?

किल्ली मिळाली होती. नाव धुऊन निघालं होतं. नोकरीही कायम व्हायच्या वाटेवर आली होती. नुसतं झाकण ठेवून बाजूला व्हायचं होतं. डबा त्यांचा, सकाळ त्यांची, बघणारं कुणी नाही.

ते म्हणाले, "सर, परत पाठवू नका. मुशी चांगल्या आहेत."

"रिकामी मूस घटते आणि चांगली कशी?"

"आत टाकणखार आहे. मी लावतो रोज सकाळी."

मग मोठे सर भडकले. "कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात, सर? मुशीला लावतातच."

"सोन्याच्या! सोन्याच्या मुशीला लावत असतील! इथं तोलायचं असतं, काका! इथं मुशीत आपण ठेवलं तेवढंच असलं पाहिजे!"

"ते आत्ता कळलं, सर."

मॅडम स्टुलावर बसल्या नि त्यांनी कपाळाला हात लावला. "इतके आठवडे मी फीत घासतेय, काका," त्या म्हणाल्या. "रात्री डोळे मिटले की फीत दिसते मला. एकदा, एकदा तरी म्हणायचं होतंत!"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम," भाऊजी म्हणाले. ते खरं होतं, पण त्या वेळी म्हणण्यासारखं नव्हतं.

सर चिडून म्हणाले, "आणि आता तरी कशाला बोललात? मी विक्रेत्याला लिहायला निघालो होतो."

भाऊजी म्हणाले, "म्हणूनच. तो बिचारा तुम्हाला काय सांगणार? तापवलं की घटतं?"

सर बाहेर निघून गेले.

कायम करण्याचं पुढे ढकललं. आणखी एक सत्र बघू, आणि विचारल्याशिवाय काडीलाही हात लावायचा नाही, असा हुकूम. जाऊबाईनं हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला? जन्मभर घरात गप्प बसता!"

"बसलो होतो गं. जमेना."

"कसं जमेना? ओठ मिटायचे!"

"त्या दुकानदाराचं तोंड दिसायला लागलं मला."

"तुम्ही कधी बघितलंय का त्याला?"

"नाही."

"मग कुणाचं तोंड दिसलं?" तिनं पुन्हा ताट ओढलं नि दोन खडे इतक्या जोरात फेकले की मांजर उठून गेलं. पण त्या संध्याकाळी त्यांच्या ताटात वाढताना तिचा हात सैल होता, हे मी बघितलं. तिनं इमारतीत काय सांगितलं ते विचारू नका. नोकरी कायमच आहे, फक्त कागद यायचे आहेत, असं अजून सांगते.

प्रयोग मग एकदाचा झाला. जुन्या कपाटातून कोऱ्या मुशी काढल्या, आधी रिकाम्या तापवल्या, निववल्या, तोलल्या, मग फीत. भाऊजींना मॅडमनी काट्याजवळ उभं केलं. वजन वाढलं. टेबलामागून टेबल वाढतच गेलं. पोरं नाचली. नात घरी येऊन म्हणाली, आजोबांना किती आनंद झाला असेल ना!

मी त्यांना विचारलं. ते वैतागलेले. "वाढलं, वाढलं. पण वहिनी, मुशीचा तळ बघवत नाही हो. काळे डाग पडलेत. धातू चावलाय मुशीला. मी तिथं हात मागं बांधून उभा! टाकणखार डब्यात आणि मूस डोळ्यांसमोर खराब होतेय, आणि मी म्हणायचं, छान वाढलं वजन."

"मग सांगा की मॅडमना."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, मी तुमच्या पाया पडते."

राहिल्या त्या खार लावलेल्या मुशी. नुसत्या वाळवलेल्या होत्या त्या धुऊन निघाल्या. ज्या जाळावर गेल्या होत्या त्यांच्यात काच बसली होती, ती निघेना. मॅडम म्हणाल्या, टाकून द्या.

"चला," भाऊजी म्हणाले.

"कुठं चला?"

"टाकायला. तुम्ही बरोबर या."

"मला तास आहे, काका. तुम्ही टाका ना."

"मग तासानंतर या. मी थांबतो."

आणि खरंच थांबले. मुशींची ट्रे हातात घेऊन वर्गाच्या दाराशी उभे, आत मॅडम शिकवताहेत. पोरांचं लक्ष फळ्याकडे नाही, ट्रेकडे. शेवटी मॅडमनी खडू ठेवला नि त्यांच्याबरोबर इमारतीच्या मागं गेल्या, कचऱ्याच्या पिंपापाशी. ऊन कडक. मॅडमनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा डोक्यावर धरला.

भाऊजी एकेक मूस उचलायचे, तिरकी करून आतला तळ त्यांना दाखवायचे, मगच पिंपात टाकायचे.

"बघितलंत?"

"बघितलं. टाका."

"ही बघितलीत?"

"काका, मला विश्वास आहे तुमच्यावर! सगळी ट्रे उलटी करा!"

"विश्वास राहू दे तुमच्याकडे. तुम्ही बघा फक्त. अशा बाजूनं बघा, उजेडाकडून."

झाडणारी बाई झाडू टेकून बघत उभी राहिली. शिपाई आला. ट्रे संपत आली तशी एक मूस भाऊजींच्या हातात अडकली. त्यांनी ती उन्हात फिरवली, नखानं टोकरली, जिभेनं ओला केलेला अंगठा आतून फिरवला.

"मॅडम, ही चांगली आहे. ही तापलेलीच नाही. धुऊन निघेल."

"टाका."

"चांगली मूस कशी टाकू?"

"मी सांगते म्हणून टाका!"

"तसं लिहून द्याल?"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग गठ्ठा काखेत मारला नि पायऱ्यांकडे वळल्या. भाऊजी मूस दोन्ही हातांत धरून मागोमाग. ती धुऊन कपाटात ठेवताना मॅडमनी समोर उभं राहायला हवं होतं ना! त्यात त्यांचा पुढचा तासही बुडाला.